४५१ नाबाद : "विजय झोलचं काय झालं?" हा प्रश्न नेमका कुणाला विचारायचा?

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे. सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या जालन्याचा आहे.

झालं असं, की मध्यंतरी एका संध्याकाळी गांधी चमनजवळ चहाला थांबलो होतो. टपरीवर एकाच्या मोबाईलवर मॅच चालू, आणि आपल्याकडे मोबाईल एकाचा असला तरी बघणारे सहा असतात. श्रेयस अय्यर बॅटिंग करत होता. मी सहज बोलून गेलो, "हा आपल्या विजय झोलच्या कॅप्टनशिपखाली खेळलाय." शेजारी कॉलेजचं एक पोरगं उभं होतं. ते म्हणालं, "कोण विजय झोल?" त्याच्यामागे उभ्या असलेल्या माझ्या वयाच्या गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि हात झटकून म्हणाले, "होता एक. लई हवा झाली होती. पुढं काही झालं नाही त्याचं."

माझा चहा तिथेच कडू झाला.

राग त्या पोराचा नाही आला. २०११ साली ते बालवाडीत असेल. राग त्या "पुढं काही झालं नाही"चा आला. कारण हे वाक्य मी गेली दहा वर्षं या ना त्या तोंडून ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर एकेकाळी मी स्वतःही म्हटलेलं आहे. म्हणून हा इतिहास एकदा नीट मांडावा म्हटलं.

सुरुवात जरा मागून करतो.

डिसेंबर १९४८. पुण्यात रणजी ट्रॉफीचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्राकडून कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. त्यांनी आणि के. व्ही. भांडारकरांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागीदारी केली. महाराष्ट्र ४ बाद ८२६. निंबाळकर ४४३ वर नाबाद. तेव्हा जागतिक विक्रम होता डॉन ब्रॅडमन यांचा, ४५२ नाबाद, १९३० साली सिडनीत केलेला. निंबाळकरांना हव्या होत्या फक्त १० धावा. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायलाच नकार दिला. सामना सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेले. विक्रम हातातोंडाशी येऊन राहिला. निंबाळकरांची प्रथम श्रेणीतली सरासरी ४८ च्या आसपास होती, पण भारताकडून एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

आता आपला संबंध बघा. ही खेळी झाली तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पुण्या-कोल्हापुरात क्रिकेटची दुसरी-तिसरी पिढी मैदानात होती, प्रा. दि. ब. देवधरांनी १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन वेळा महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला होता, तेव्हा आपण हैदराबाद संस्थानात होतो. हैदराबादनेही १९३७-३८ साली रणजी जिंकली, पण ते क्रिकेट हैदराबाद-सिकंदराबादचं. जालना, अंबड, परतूरच्या पोरापर्यंत ते कुठून पोहोचणार? १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे क्रिकेटच्या पंगतीत आपण बसलो तेव्हा पुढची पानं कधीच वाढून झाली होती. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. ही तारखांची गोष्ट आहे.

आता माझी एक छोटी गोष्ट सांगतो, मग विजयकडे येतो.

नव्वदीच्या दशकात मीही बॅट घेऊन फिरायचो. आमचं क्रिकेट दोन प्रकारचं. गल्लीत टेनिस बॉल, आणि मॅच असली की मॅटिंगवर लेदर बॉल. एका वर्षी आम्ही तिघं निवडीसाठी पुण्याला गेलो. रात्रीची एसटी, सुमारे तीनशे किलोमीटर, सकाळी डोळे चोळत उतरलो आणि तसेच ग्राउंडवर. आयुष्यात पहिल्यांदा टर्फ विकेटवर उभा राहिलो. मॅटिंगवर चेंडू एकसारखा उसळतो, तो कुठे येणार हे अंगाला माहीत झालेलं असतं. मातीच्या खेळपट्टीवर तोच चेंडू एकदा खाली राहतो, एकदा आत येतो, एकदा टप्पा पडून थांबतो. मी सवयीने बॅकफूटवर गेलो आणि तिसऱ्याच चेंडूवर दांडी गुल. निवडणाऱ्यांनी काही अन्याय केला नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी मला घेतलं नसतं. पण परतीच्या एसटीत एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच : शेजारच्या नेटमधला पोरगा रोज ज्या मातीवर खेळत होता, ती माती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

म्हणून सांगतो, विजय झोलने काय केलं ते आम्हा मॅटिंगवाल्यांना जास्त कळतं.

२३ नोव्हेंबर १९९४ चा जन्म, जालन्याचा. वडील वकील. डावखुरा बॅट्समन. आणि योगायोग असा, की त्याच वर्षी जूनमध्ये ब्रायन लाराने वॉरविकशायरकडून ५०१ नाबादचा विश्वविक्रम केला होता. लाराही डावखुराच.

डिसेंबर २०११. कूचबिहार ट्रॉफी, म्हणजे १९ वर्षांखालच्या पोरांची देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा. नाशिकला महाराष्ट्र विरुद्ध आसाम. सतरा वर्षांच्या विजयने धावा केल्या ४५१. नाबाद.

हा आकडा किती मोठा ते सांगतो. धोनीवरचा सिनेमा तुम्ही बघितला असेल. त्यात तो प्रसंग आहे ना, बिहारचा अख्खा संघ ३५७ करतो आणि पंजाबचा एकटा युवराज ३५८ मारतो? तो खरा सामना आहे, १९९९ चा, जमशेदपूरचा, याच कूचबिहार ट्रॉफीची फायनल. त्या युवराजच्या ३५८ ला जालन्याच्या पोराने ९३ धावांनी मागे टाकलं. सिनेमात युवराजचा आकडा आला. आपला आकडा आपल्याच टपरीवर कुणाला माहीत नाही.

आणि दुसरं. ब्रॅडमन ४५२ नाबाद. विजय झोल ४५१ नाबाद. निंबाळकर ४४३ नाबाद. विजयची खेळी वयोगटातली, बाकी दोन प्रथम श्रेणीतल्या, त्यामुळे विक्रमाच्या वहीत त्या एका पानावर येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण महाराष्ट्राच्या टोपीत खेळणाऱ्या दोन माणसांनी, त्रेसष्ट वर्षांच्या अंतराने, ब्रॅडमनच्या त्या आकड्याच्या उंबरठ्यापर्यंत जावं आणि दोघांनीही नाबाद परत यावं, हे मला फार मोठं वाटतं. भाऊसाहेब तेव्हा हयात होते, नव्वदी ओलांडलेले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये ते गेले.

त्या दिवसांत जालन्यात काय वातावरण होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. पेपरात एरवी जालना म्हटलं की स्टीलच्या भट्ट्या, बियाणं, मोसंबी, नाहीतर पाणीटंचाई. क्रीडा पानावर "जालना" शब्द आणि तोही सगळ्यात वर, हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं. कात्रण कितीतरी दिवस माझ्या पाकिटात होतं.

पुढचं भराभर झालं. ऑगस्ट २०१२ मध्ये उन्मुक्त चंदच्या संघाने ऑस्ट्रेलियात टाउन्सविलला १९ वर्षांखालचा वर्ल्डकप जिंकला, त्या संघात विजय होता. म्हणजे जालन्याच्या घरात वर्ल्डकपचं पदक आलेलं आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

२०१३ आठवतंय का? तो दुष्काळ. हंडे, ड्रम, टँकरची वाट बघत रात्री काढलेल्या. मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये विजय भारताच्या १९ वर्षांखालच्या संघाचा कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियात डार्विनला गेला आणि तिरंगी मालिका जिंकून आला.

मग आला जानेवारी २०१४, आणि माझ्या मते हाच त्याच्या कारकिर्दीचा सगळ्यात उंच महिना.

४ जानेवारी, शारजा. १९ वर्षांखालच्या आशिया कपची फायनल, समोर पाकिस्तान. विजयच्या १००, संजू सॅमसनच्या १००. भारत ४० धावांनी जिंकला. कप उचलला कर्णधाराने, म्हणजे आपल्या पोराने.

तिथून परतला तो थेट वानखेडेवर. रणजीची क्वार्टर फायनल, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, त्याच आठवड्यात. मुंबई म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते, ४० वेळा रणजी जिंकलेले, आणि मैदान त्यांचंच. पहिल्या डावात महाराष्ट्र मागे पडला होता. चौथ्या डावात हव्या होत्या २५२. केदार जाधव १२० नाबाद, विजय झोल ९१ नाबाद, महाराष्ट्र आठ विकेट राखून जिंकला. एकोणीस वर्षांचं पोरगं, मुंबईत, मुंबईविरुद्ध, चौथ्या डावात. ज्यांना क्रिकेट कळतं त्यांना विचारा, ही ९१ कधीकधी ४५१ पेक्षा जड भरते. महाराष्ट्र पुढे सेमीफायनलमध्ये बंगालला हरवून फायनलला गेला, २१ वर्षांनी. हैदराबादला कर्नाटकाने हरवलं, पण ते वर्ष महाराष्ट्राचं होतं.

फेब्रुवारीत दुबई. १९ वर्षांखालचा वर्ल्डकप, कर्णधार विजय झोल. संघ बघा : संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, दीपक हुडा, सरफराज खान, आवेश खान. कुलदीपने स्कॉटलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली. गटातले तिन्ही सामने जिंकले, पाकिस्तानलाही हरवलं. आणि क्वार्टर फायनलला इंग्लंडकडून तीन विकेटनी हरलो. संपलं.

मी वर सहा नावं लिहिली. ते सहाच्या सहा पुढे भारताच्या मुख्य संघातून खेळले. कर्णधार नाही खेळला.

आयपीएलमध्ये तो बंगळूरच्या संघात होता, म्हणजे कोहली, गेल, डिव्हिलियर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये. मोजके सामने मिळाले. महाराष्ट्राच्या संघात येणं-जाणं होत राहिलं. मग येणं कमी झालं. पंचविशीच्या आसपास त्याचं नाव बातम्यांतून गेलं. व्यावसायिक क्रिकेटपटूची कारकीर्द म्हणून बघितलं तर ती इथे थांबते.

आता गांधी चमनच्या टपरीवरच्या वाक्याकडे येऊ. "पुढं काही झालं नाही."

यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक म्हणजे, "पुण्या-मुंबईवाल्यांनी राजकारण केलं." दुसरं, "पोराच्या डोक्यात हवा गेली." दोन्ही सोपी आहेत, आणि दोन्हींना पुरावा म्हणून सांगणाऱ्याजवळ फक्त आवाज असतो.

राजकारणाचं म्हणाल, तर सतरा वर्षांच्या जालन्याच्या पोराला महाराष्ट्राकडून खेळवलं कुणी? भारताचं कर्णधारपद दिलं कुणी? व्यवस्थेने दार उघडलं होतं, हे मान्य करायला पाहिजे. आणि हवेचं म्हणाल, तर उन्मुक्त चंदकडे बघा. दिल्लीचा, राजधानीतला, सगळ्या सोयींतला. वर्ल्डकप फायनलला १११ नाबाद करून कप जिंकलेला कर्णधार. तोही भारताकडून एकही सामना खेळला नाही. २०२१ मध्ये भारतातलं क्रिकेट सोडून अमेरिकेला गेला. म्हणजे १९ वर्षांखालचं कर्णधारपद ही नोकरीची ऑर्डर नाही, ती एक परीक्षा आहे. त्या परीक्षेत देशात पहिला आलेला पोरगा पुढे कलेक्टर झाला नाही म्हणून आपण त्याला नापास म्हणतो का?

आणि निंबाळकर? ४४३ केलेल्या माणसाला कसोटीची टोपी मिळाली नाही. कोल्हापूर त्यांना "पुढं काही झालं नाही" म्हणत नाही. कोल्हापूर आजही अभिमानाने नाव घेतं. फरक त्या दोन खेळाडूंत नाही. फरक त्या दोन गावांत आहे.

पण मला फक्त अभिमानावर थांबायचं नाही. खरा प्रश्न पुढे आहे.

मराठवाड्याचे खेळाडू बघा. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर भारताकडून १२ कसोटी खेळला, पण कारकीर्द घडली रेल्वेच्या संघातून. पैठणचा अंकित बावणे महाराष्ट्राचा कर्णधार झाला, वर्षानुवर्षं रणजीत धावांचे ढीग घातले, भारताची टोपी मिळाली नाही. २०२४ मध्ये बीडच्या सचिन धसने १९ वर्षांखालच्या वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून हरलेला सामना फिरवला. म्हणजे दर काही वर्षांनी एक पोरगं येतंच. दुष्काळातून येतं, मॅटिंगवरून येतं, कुणाच्या तरी बापाच्या हट्टातून येतं. पण एका पोराच्या मागे दुसरं, दुसऱ्यामागे तिसरं अशी रांग लागत नाही. ४५१ नंतर जालन्यातून किती पोरं त्या वाटेने गेली? विजय झोलचं काय झालं, यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो. आणि याचं उत्तर विजयने द्यायचं नाही, आपण द्यायचं आहे.

तिकडे विदर्भाकडे बघा. त्यांची असोसिएशन पहिल्यापासून वेगळी. बरीच वर्षं त्यांना कुणी मोजत नव्हतं. मग त्यांनी अकादम्या काढल्या, पोरं लहानपणी उचलली, आणि २०१७-१८, २०१८-१९, २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी जिंकली. मी वेगळी असोसिएशन मागा म्हणत नाही, तो वाद फार लांब जातो. पण धीराने काम केलं की दहा-पंधरा वर्षांत काय होतं, ते शेजारीच दिसतंय.

आता टर्फ विकेट बनवायला काय लागतं ते सांगतो. भरपूर चिकणमाती असलेली काळी माती. ती भिजवायला पाणी. दाबायला जड लोखंडी रोलर. आणि रोज सकाळी तिच्याकडे बघणारा, कधी पाणी द्यायचं आणि कधी नाही हे कळणारा एक पगारी माणूस.

काळी माती? आपल्या जिल्ह्यात पायाला चिकटून घरात येते. लोखंड? महाराष्ट्रभरच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे. पाणी कमी आहे, मान्य. पण एका खेळपट्टीला लागणारं पाणी आणि आपण कुठेकुठे सांडतो ते पाणी, याचा हिशोब एकदा मांडून बघा. राहिला तो माणूस. त्याचा पगार. जिल्ह्यात स्मरणार्थ चषक किती होतात, त्यांच्या बॅनरवर आणि बक्षिसाच्या मोटारसायकलींवर किती खर्च होतो, हे तुम्हीही बघता. एका सीझनच्या त्या खर्चात एक माळी-कम-क्युरेटर वर्षभर सांभाळता येईल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आठ तालुके आहेत आपले : जालना, अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी, मंठा. प्रत्येक ठिकाणच्या मित्राने कमेंटमध्ये एवढंच सांगा, तुमच्या गावात बारा वर्षांच्या पोराला मातीच्या खेळपट्टीवर लेदर बॉल खेळता येईल अशी जागा आहे का? असेल तर कुठे आहे आणि सगळ्यांना उघडी आहे का? नसेल तर "नाही" एवढंच लिहा. ही यादी झाली की ती घेऊन मी स्वतः क्रीडा कार्यालयात जाईन. कुणाला सोबत यायचं असेल तर या. मोर्चा नाही, घोषणा नाही. कागद द्यायचा, पोच घ्यायची आणि महिन्याने परत जायचं.

राहता राहिलं ते टपरीवरचं पोरगं. त्या दिवशी त्याला मी मोबाईलवर शोधून ४५१ चा आकडा दाखवला. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "काका, नाबाद? मग थांबले कशाला?"

मी म्हटलं, "डाव घोषित केला असेल बाबा."

ते हसलं आणि म्हणालं, "दोन रन अजून केल्या असत्या तर ब्रॅडमन मागे पडला असता की."

त्याला ब्रॅडमनचा आकडा मीच दोन मिनिटांपूर्वी सांगितला होता. पण हळहळ त्याची स्वतःची होती. आपल्या गावच्या माणसासाठी. मला वाटतं, सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी "विजय झोलचं काय झालं?" म्हणून हात झटकला, तर एवढं सांगा : त्याचं जे व्हायचं ते झालं. वर्ल्डकपचं पदक झालं, आशिया कप झाला, वानखेडेवरचे ९१ झाले, ४५१ नाबाद झाले. आपलं काय झालं, ते बोला.

कमेंटमध्ये गावाचं नाव लिहायला विसरू नका.